वेष्टनाची विवंचना

संस्कृतांत ‘वेष्ट्’ असा एक धातु आहे. गुंडाळणें, वेढणें हा त्याचा अर्थ. वेष्टन, आवेष्टन, परिवेष्टित हीं सारीं त्याचींच अपत्यें. पागोट्यासहि संस्कृतांत वेष्टन म्हणतात, हें वर्गांत सांगितलें म्हणजे मुलें हंसत. मराठींतील ‘पुडी’ ही ‘पुटिके’ची मुलगी, ‘पेटी’ ही ‘पेटिके’ची आणि ‘पत्रावळ’ ‘पत्रावली’ची. ३४ वर्षें मीं मुलांस हे शब्द शिकविले. परंतु पुडी बांधावी कशाची, हा प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला तो सेवानिवृत्तीनंतर, वयाच्या ६६ व्या वर्षीं. त्यास कारण आमच्या सूनबाईचा उद्योग.

आमचें कुटुंब सदाशिव पेठेंतलें. अजून एकत्र आहे, लहान-मोठीं मिळून नऊ माणसें. चार वर्षांपूर्वीं सौ. न्हाणीघरांत पाय घसरून पडली, मांडीचें हाड मोडलें आणि सहा महिने ती अंथरुणास खिळली. त्या काळांत घर चालावें म्हणून सूनबाईनें आपली कचेरींतील नोकरी आपण होऊन सोडली. पुढें सासूच्या सांगण्याबरहुकूम मेतकूट करावयास शिकली, आणि तिचा हात सासूहून बरा निघाला, हें सौ. स्वतः सांगते. प्रथम नात्यांत, मग नातेवाइकांच्या शेजाऱ्यांत, आणि हळूहळू बेळगांव, इंदूर, बडोदें, हैदराबाद, बंगळूर अशा ठिकाणच्या मराठी घरांतून मागणी येऊं लागली. आतां मेतकूट, थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला आणि उन्हाळ्यांत लोणचें असा माल महिन्याकांठीं ६०-७० पार्सलांतून जातो. नफा फार नाहीं. पण नातवाच्या शाळेची फी त्यांतून भागते, आणि ती आपली आई भरते हें त्यालाहि ठाऊक आहे.

गेल्या वर्षीं पाडव्याच्या सुमारास सूनबाई मला म्हणाली, “मामंजी, मेतकूट महिन्याभरात संपतं, पण त्याच्यावरचं प्लॅस्टिक त्या घरी तसंच राहतं. आपण मेतकूट पाठवतो की कचरा, तेच मला कळेनासं झालंय. तुम्हाला वेळ आहे. काही दुसरं मिळतं का बघाल?” निवृत्त माणसास ‘तुम्हाला वेळ आहे’ हें वाक्य नेहमींच गोड लागतें असें नाहीं, ह्या खेपेस मात्र लागलें.

प्रथम मीं एक तयार पार्सल सोडलें आणि त्यांतील जिन्नस वेगवेगळे करून स्वयंपाकघरांतील काट्यावर घातले. माल अर्धा किलो. त्यावर प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या, बबल रॅप म्हणतात त्या हवेच्या फुगवट्यांच्या पत्र्याचे चार वेढे, दोन-तीन हात चिकटपट्टी, आणि सर्वांवर कुरियरवाल्याची प्लॅस्टिकची झूल. एकूण प्लॅस्टिक ९० ग्रॅमांच्या आसपास. ६५ पार्सलांचा हिशेब केला तर महिन्यास जवळजवळ ६ किलो! ह्या बबल रॅपची कुळकथा मोठी मौजेची आहे. १९५७ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथें दोघां संशोधकांनीं तो काढला, आणि तो काढला भिंतीस चिकटविण्याचा शोभेचा कागद म्हणून. भिंतींनीं त्यास थारा दिला नाहीं, म्हणून तो पार्सलांत शिरला.

माझा विचार सहजच जुन्याकडे वळला. आमच्या लहानपणीं वाण्याच्या डोक्यावर टांगलेल्या रिळाचा दोरा सरसर खालीं येई, कागदाच्या पुड्यास चार वेढे बसत, आणि तो दोरा घरीं गुंडाळून ठेवला जाई. पोस्टाचें पार्सल म्हणजे मांजरपाटांत शिवलेलें गांठोडें. त्यावर शाईनें घोटून लिहिलेला पत्ता आणि शिवणीवर लाखेच्या मुद्रा. मुंबईच्या जी.पी.ओ. बाहेर सुईदोरा घेऊन पार्सलें शिवून देणारे लोक बसत. आपल्या देशांत व्ही.पी. ची पद्धत १८७७ सालीं सुरू झाली, आणि पुढें पुण्याचीं पुस्तकें व औषधें अशाच वेषांत गांवोगांव गेलीं. कोंकणांतून आंब्याची पेटी येई ती पेंढ्यानें भरलेली. आंबे संपले कीं पेंढा गाईपुढें जाई आणि पेटीच्या फळ्या बंबांत. मागें उरे ती फक्त चुका.

पण जुनें तेवढें सगळें आज चालत नाहीं. वर्तमानपत्राच्या कागदांत खाद्यपदार्थ बांधूं नयेत, छपाईच्या शाईंतील घातक द्रव्यें पदार्थांत उतरतात, असें केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१६ सालीं बजावलें व २०२३ सालीं पुन्हा बजावलें. तें रास्तच आहे. पेंढ्यांतून कीड जाते. ऑस्ट्रेलियासारखे देश तर पेंढा दारांतच अडवितात. मांजरपाट शिवावा म्हटलें तर शिवणावळ मेतकुटाहून महाग. तेव्हां स्मरणरंजन बाजूस ठेवून मी पिशवी काखोटीस मारली आणि रविवार पेठेंतील बोहरी आळीचा रस्ता धरला.

कायद्याची हकीकत थोडक्यांत सांगतों. महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. पुढें १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. दोहोंचा रोख मुख्यतः हातांतल्या पिशव्या, ताटें, पेले, चमचे ह्यांवर. आंतील मालाच्या वेष्टनास बरीच मोकळीक आहे. म्हणजे आमच्या सूनबाईवर कायद्याची सक्ति अशी कांहींच नव्हती. तिला आपण होऊन टोचलें, इतकेंच.

बोहरी आळींत एका दुकानदारानें माझ्यापुढें खाकी कागदाच्या सुबक पिशव्यांची चळत मांडली. वर हिरवें पान छापलेलें. “सर, हा इको माल. सगळे हाच नेतात.” मीं नमुन्यादाखल एक घेतली आणि घरीं येऊन रात्रभर पाण्यांत भिजत घातली. सकाळीं कागदाचा लगदा हातांत आला आणि आंत प्लॅस्टिकचा एक झुळझुळीत पडदा जसाच्या तसा शिल्लक राहिला. कागदाच्या गिरणीस ती पिशवी नको, आणि प्लॅस्टिक वितळविणारासहि नको. व्याकरणांत ज्या समासाचा विग्रह होत नाहीं त्यास नित्यसमास म्हणतात. ही पिशवी नित्यसमास!

दुसऱ्या दुकानांत मक्याच्या पिठापासून केलेल्या पिशव्या मिळाल्या. ह्या खऱ्या असूं शकतात; त्यांच्या कारखानदारास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचें प्रमाणपत्र घ्यावें लागतें. परंतु त्यांचें खत होतें म्हणजे कोठें होतें, हें विचारलें पाहिजे. ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब टिकून राहील अशा मोठ्या खतखान्यांत होतें. गच्चीवरच्या कुंडींत तितकी ऊब कोठून येणार? रसायनशास्त्राशीं माझी ओळख मॅट्रिकच्या पुस्तकापुरती, म्हणून खात्रीसाठीं मीं आमच्या जास्वंदीच्या कुंडींत त्या पिशवीचा एक तुकडा आणि साध्या खाकी कागदाचा एक तुकडा शेजारीं शेजारीं पुरला. चैत्रांत पुरले, भाद्रपदांत उकरले. कागदाचा मागमूस नव्हता. पिशवीचा तुकडा पिवळसर पडला होता, कडा झिजल्या होत्या, पण ओळख पटण्याजोगा होता. शास्त्रज्ञांस मी दोष देत नाहीं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत अशा पदार्थांवर संशोधन झालेलें आहे, आणि २०२४ सालीं जेजुरीस साखरेसारख्या कच्च्या मालापासून असें प्लॅस्टिक करून दाखविणारा प्रायोगिक कारखानाहि निघाला. उसाच्या मुलखांत हें व्हावें हें उत्तमच. पण आज बेळगांवच्या गृहिणीनें ती पिशवी टाकावी कोठें, ह्याचें उत्तर मला मिळालें नाहीं.

ह्या विषयांतला खरा गुरु मला भेटला तो आमच्या दारांतच. पुण्यांत १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यांतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ सालापासून महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करूं लागली. तिचे सभासद तीन हजारांहून अधिक, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया. आमच्या वाड्यांत सकाळीं साडेसातास येणाऱ्या बाईंस सर्वजण मावशी म्हणतात. वस्तुतः त्या माझ्याहून वीस वर्षांनीं तरी लहान असतील. एके दिवशीं मीं गोळा केलेले पांच नमुने ओट्यावर मांडले आणि त्यांना विचारलें, “मावशी, ह्यांतलं तुमच्या उपयोगाचं काय?”

परीक्षेचे पेपर तपासण्यांत माझा जन्म गेला, पण इतक्या झटपट निकाल लावणारा परीक्षक मीं पाहिला नाहीं. अर्ध्या मिनिटांत पांचांच्या दोन राशी झाल्या. “ह्यो पुठ्ठा इकतो. ही दुधाच्या पिशवीसारखी पिशवी, धुऊन दिली तर तीबी जाती. ह्ये आतून चमकी असलेलं कुणी घेत न्हाई, आन् ती मक्याची पिशवीबी न्हाई. आन् ह्ये खाकी हाय ना, आजोबा, ह्ये लई वंगाळ. कागद म्हणून आमी उचलायचं, डोईवर वाहायचं, आन् दुकानदार बाजूला काढून टाकणार. वजन आमचं जातं.”

मीं विचारलें, “आणि पुठ्ठ्याला चिकटपट्टी असेल तर?”

“ती काढीत बसावं लागतं. नखं जात्यात.”

हिरवें पान छापलेल्या त्या पिशवीनें फसत होती ती ही बाई, हें तोंवर कोणत्याहि दुकानदारानें मला सांगितलें नव्हतें. त्या दिवसापासून आमच्या घरीं प्रत्येक नमुन्यास पहिला प्रश्न असा कीं, हें मावशी उचलतील काय? बेळगांवास आणि बडोद्यासहि अशा मावशी असणारच.

ह्या कसोटीस लावून एकेक वस्तु ठरली. मेतकुटास दमट हवा लागली कीं त्याचे गोळे होतात, आणि गोड्या मसाल्याचा वास नुसत्या कागदांतून आठ दिवसांत उडून जातो. म्हणून आंतली पिशवी प्लॅस्टिकचीच ठेवली. मात्र एकाच जातीच्या प्लॅस्टिकची, जाडसर, चमकीशिवाय, आणि तीनांच्या जागीं एक. “नाना, एवढा खटाटोप करून शेवटी प्लॅस्टिकच?” असें चिरंजीव म्हणाले. होय, प्लॅस्टिकच. कागदाचें सोंग घेतलेल्या प्लॅस्टिकापेक्षां तें शंभर पटींनीं बरें.

खोक्यांचा विषय मला फार आवडला. पन्हळी पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागदांमध्यें पन्हळीसारखा दुमडलेला तिसरा. एरवीं जो कागद बोटानें वांकतो तोच दुमडून उभा केला कीं मणभर भार सोसतो. आपल्याकडील खाकी पुठ्ठा बहुतांशीं रद्दीपासूनच होतो. मात्र दर खेपेस त्यांतील धागे आखूड होतात, आणि पांच-सात जन्मांनंतर त्याला मोक्ष मिळतो. आम्ही प्रथम शेजारच्या दुकानांतून वापरलेलीं खोकीं आणलीं. काटकसर आणि पुण्य एकाच वेळीं पदरांत पडल्याचा आनंद पंधरा दिवस टिकला. मग इंदूरहून एका बाईंचा निरोप आला कीं, भाजणी उत्तम आहे, पण थालिपिठास अंगाच्या साबणाचा वास येतो. तेव्हांपासून खोकीं नवीं घेतों, आणि त्यांवर ‘हें खोकें पुन्हा वापरावें’ असा शिक्का मारतों. घरचा साबण घरींच राहतो.

खोक्यांतील पोकळी भरण्याचें काम सौ.नें आपल्याकडे घेतलें. तिला अजून फार चालवत नाहीं. हात मात्र मोकळे असतात. नातवाच्या जुन्या वह्यांचीं पानें चुरगळून ती चारी कोपरे भरूं लागली. मालास तीं लागत नाहींत, त्यामुळें शाईची भीति नाहीं. एकदां हैदराबादेहून एका गिऱ्हाइकिणीचा फोन आला. त्यांनीं कुतूहलानें एक चुरगळलेलें पान सरळ करून पाहिलें होतें, आणि गणितांत ५० पैकीं १७ गुण मिळालेल्या मुलाची आस्थेनें चौकशी केली. त्यानंतर पानांच्या उभ्या बारीक पट्ट्या कापल्या जातात, आणि नातू स्वतः देखरेखीस बसतो.

चिकटपट्टीच्या जागीं पाण्यानें भिजवून लावावयाची कागदी पट्टी आली. तिचा डिंक स्टार्चचा, म्हणजे आपल्या खळीचाच भाऊबंद. पुस्तकें बांधणारे लोक खळींत मोरचूद घालीत, म्हणजे झुरळें लागत नसत; खाण्याच्या जिनसांजवळ तें अर्थातच चालणार नाहीं. ही पट्टी पुठ्ठ्याशीं एकजीव होते आणि मावशींचीं नखें वांचतात. खोक्यावरील नांवाच्या चिठ्ठीसाठीं मात्र मीं थोडी चैन केली. कसबा पेठेंत कागदीपुरा म्हणून भाग आहे. पूर्वीं तेथें कागद करणारांची वस्ती होती, आणि जुन्नरी कागद तर महाराष्ट्रभर नांवाजलेला. ती कला मरूं नये म्हणून १९४० सालीं पुण्यांत हातकागद संस्था निघाली. कापडाच्या चिंध्यांपासून होणाऱ्या त्या कागदास झाड तोडावें लागत नाहीं. सबंध वेष्टन त्याचें करूं म्हटलें तर दिवाळें निघेल. पण तळहाताएवढ्या चिठ्ठीस तो परवडतो, आणि त्यावर अक्षर असें उठतें कीं पत्ते लिहिण्याचें काम मीं कोणास दिलेलें नाहीं.

हें सर्व आषाढांत सुरू केलें, आणि पावसानें आमची परीक्षा घेतली. श्रावणांत चिपळुणास गेलेलें एक पार्सल पोंचलें तेव्हां खोक्याची अक्षरशः पोळी झाली होती. उभी पन्हळ भिजली कीं लोळते. आंतलें मेतकूट सुखरूप होतें. पण ज्या बाईंनीं तें सणासाठीं मागविलें होतें त्यांस तसलें बोचकें हातीं घेववेना, आणि त्यांचा राग वाजवी होता. पैसे परत केले. आतां जून ते सप्टेंबर कोंकणांत जाणाऱ्या पार्सलांवर प्लॅस्टिकचें एक आवरण घालतों आणि तें का घातलें हें चिठ्ठींत लिहितों. एका कुरियर कंपनीच्या खिडकीवर तर बारा महिने त्यांचीच प्लॅस्टिकची पिशवी घेतली पाहिजे असा आग्रह होता. कारण विचारलें तेव्हां “सिस्टिम आहे” एवढेंच उत्तर मिळालें. पोस्टांत खोक्यावर पत्ता लिहून चालतें. म्हणून आतां मी लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टाचा नित्याचा वारकरी झालों आहें.

पैशांची गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. पूर्वीं एका पार्सलाच्या वेष्टनास २६ रुपये पडत; आतां ३३ पडतात. महिन्यास सुमारें साडेचारशें रुपयांचा फरक. नोकरदार घरांत ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण ज्या उद्योगाचा नफाच चार आंकड्यांत कसाबसा बसतो त्यांत ती टोचते. जेवतांना ह्यावर दोन दिवस खल झाला. भाव वाढविला तर गिऱ्हाईक जाईल, असें चिरंजीवांचें म्हणणें. सौ. म्हणाली, “ज्यांना मेतकूट हवं ते जायचे नाहीत.” सूनबाईनें दोघांचें ऐकून घेतलें आणि सात रुपयांपैकीं चार गिऱ्हाइकावर, तीन आपल्यावर, असा निर्णय दिला.

चिरंजीवांचें म्हणणें कांहीं अंशीं खरें ठरलें. श्रावण-भाद्रपदांत पार्सलें ६५ वरून ५० वर उतरलीं. दसऱ्याच्या आधीं नातवाच्या दुसऱ्या सत्राची फी भरण्याचा दिवस आला तेव्हां सूनबाईच्या डब्यांत पुरते पैसे नव्हते. फी चिरंजीवांनीं भरली. त्या रात्रीं तिनें आपल्या हिशेबाच्या वहींत ती रक्कम नवऱ्याच्या नांवें ‘उसने’ म्हणून मांडली. “अगं, घरात कसले उसने?” असें तो म्हणाला. ती कांहीं बोलली नाहीं, पण नोंद खोडलीहि नाहीं. दिवाळीच्या सुमारास मागणी पुन्हा चढली, ७० च्या वर गेली; त्यांत बंगळूरच्या एका सोसायटींतलीं सहा घरें तर एकमेकींकडची खोकीं पाहून आलीं होतीं. मार्गशीर्षांत उसने फिटले.

लोणच्याचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाहीं. तेल आणि मीठ ह्यांपुढें कागदाचें कांहीं चालत नाहीं, प्लॅस्टिकच्या बरणीस वास धरतो, आणि कांच जड. बडोद्यास एक बरणी फुटली तेव्हां आंतल्या तेलानें दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नपत्रिका भिजविल्या. म्हणून लोणचें सध्यां पुण्यापुरतेंच ठेवलें आहे. मुंबईस आरे दुधाच्या कांचेच्या बाटल्या रिकाम्या परत देऊन भरलेल्या आणीत, त्याच धर्तीवर, जो बरणी धुऊन परत करील त्यास १० रुपये, असें ठरविलें. बरण्या परत येतात. पण आपल्याकडे दुसऱ्याचें भांडें रिकामें परत देण्याची चाल नाहीं. परवां कोथरूडहून एक बरणी आली ती मोरावळ्यानें गच्च भरलेली. आतां त्या बाईंस बरणीचे १० रुपये द्यावे कीं मोरावळ्याचेहि पैसे द्यावे, ह्यावर सासू-सुनांचा वाद चालू आहे, आणि मोरावळा निम्मा संपला आहे.